यादी क्रमांक चार

मानसशास्त्र विभागाची प्रयोगशाळा कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून गेलं की डाव्या हाताला. एकच लांबट खोली. लाकडी आडोसे घालून तिचे बारा भाग केलेले, प्रत्येक भागात एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीत प्रयोग करणारा बसतो आणि दुसरीत ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. या दुसऱ्याला पुस्तकात ‘प्रयुक्त’ म्हणतात. या खोलीची किल्ली गेली एकतीस वर्षं एकाच माणसाच्या खिशात होती. कागदोपत्री हुद्दा प्रयोगशाळा परिचर. मुलं त्याला काका म्हणत. ज्यांनी त्याला पहिल्यांदा काका म्हटलं त्यांची मुलं आता कॉलेजात आली होती, तीही काकाच म्हणत.

शिक्षण दहावी नापास. पण एकतीस वर्षं एखाद्या खोलीत काढली की भिंतींनाही काही गोष्टी समजायला लागतात, हा तर माणूस होता. दोन सारख्या रेघांपैकी एकीला आत वळलेले बाण काढले आणि दुसरीला बाहेर वळलेले, की एक रेघ लांब का दिसते. आरशात बघून चांदणी गिरवताना पहिल्या खेपेला हात का फसतो आणि दहाव्या खेपेला का फसत नाही. दिवा लागल्यापासून बोटाने बटण दाबेपर्यंत किती वेळ जातो आणि झोप न झालेल्या मुलाचा तो किती वाढतो, हे सगळं त्याला ठाऊक होतं. बोलून मात्र तो कधी दाखवत नसे. नव्या आलेल्या प्राध्यापक बाईंनी त्या रेघांच्या भ्रमाची पट्टी उलटी धरली तर पुसायच्या निमित्ताने ती हातातून घ्यायची आणि सुलटी करून परत द्यायची, एवढीच त्याची विद्वत्ता.

मेंदूचा एक प्लास्टरचा नमुना कपाटात होता. त्याचे आठ तुकडे व्हायचे. एका परीक्षेच्या गडबडीत आतला छोटा, वाकडा तुकडा हरवला, तेव्हा त्याने लाकडाचा कोरून, रंगवून बसवला. त्या वेळचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते खूश झाले होते. ‘‘नेमका महत्त्वाचा तुकडा केलास बघ,’’ ते म्हणाले होते. ‘‘नवी गोष्ट कळली की आधी इथे येते. मग सावकाश वरच्या सालीत मुरते. हा बिघडला तर माणसाला जुनं सगळं आठवतं, सकाळचं आठवत नाही.’’ त्याने मान हलवली होती आणि रंग वाळेपर्यंत कुणी हात लावू नका म्हणून चिठ्ठी लावली होती.

या खोलीतलं सगळ्यात नखरेल यंत्र म्हणजे मेमरी ड्रम. पत्र्याची पेटी, आत फिरणारं नळकांडं, नळकांड्यावर शब्दांची कागदी पट्टी, आणि पुढे एक फट. दर दोन सेकंदांनी फटीत एक शब्द येतो आणि जातो. दहा शब्द संपले की समोरच्याने आठवतील तेवढे सांगायचे. शब्दांच्या याद्या मोठ्या सरांनी स्वतः तयार केलेल्या, एकूण आठ. यंत्र दर उन्हाळ्यात बिघडे. पट्टा सैल पडे, नाहीतर मोटर दमे. शाळा-कॉलेज बंद, शिपाई रजेवर, खोलीत पंखा नाही, म्हणून तो ड्रम पिशवीत घालून घरी न्यायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून बसायचा. दुरुस्ती झाली की वेग बरोबर आहे का हे नुसत्या घड्याळावर कळत नाही. शब्द वाचायला कुणीतरी माणूस लागतं. घरात माणूस एकच होतं. मुलगी लहान होती तेव्हाही तेच आणि ती लग्न होऊन गेल्यावरही तेच.

‘‘अगं, जरा इकडे ये.’’

‘‘आले. बसवा तुमच्या उंदराला खुर्चीत.’’

बायको हात पुसत समोर बसायची. ती एका इस्पितळाच्या कपडेखान्यात कामाला होती, दिवसभर चादरी मोजायच्या आणि घड्या घालायच्या. तिला हा खेळ वाटायचा. आठ याद्यांपैकी चौथी यादी चांगल्या जाड कागदावर होती, ती अडकायची नाही, म्हणून तपासणीला नेहमी तीच. कुलूप, पोपट, शिडी, मीठ, चादर, विहीर, सुई, टोपी, चाक, दगड. एका उन्हाळ्यात वीस-पंचवीस फेऱ्या तरी व्हायच्या. असे एकतीस उन्हाळे.

आता त्याच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि बायकोची नोकरी संपून चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत तिला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे नात. ती सात महिन्यांपूर्वी आली. आजीने तिचं नाव ठेवलं ठकी. कागदावर दुसरं काही होतं, ते कुणी वापरत नव्हतं. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, एका विमा कचेरीत कामाला होती आणि तिची रजा संपत आली होती. येत्या सोमवारी कामावर हजर व्हायचं, ठकीला दिवसभर आजीकडे सोडायचं, हे बाळ पोटात असल्यापासून ठरलेलं होतं. आजीने त्यासाठी पलंग भिंतीला सरकवून घेतला होता आणि टेबलाच्या कोपऱ्यांना कापडाचे गोळे बांधले होते.

सवय व्हावी म्हणून मुलीने तीन दिवस दुपारी बाळ आणून सोडलं. तिसऱ्या दिवशी तो कॉलेजातून लवकर आला. ठकी पलंगावर रडून रडून थकलेली. तिचे केस ओले, बोटं पाण्यात भिजून सुरकुतलेली. दोरीवर दोन टॉवेल वाळत होते आणि बायको तिसरा खांद्यावर टाकून टबात पाणी सोडत होती.

‘‘बरं झालं आलात. धरा हिला. अजून आंघोळ राहिलीय पोरीची.’’

तो दोरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘आज नको. गार वारा आहे.’’

बारीकसारीक गोष्टी त्याच्या आधीच लक्षात आल्या होत्या. एकच प्रश्न तासाभरात तीनदा. शेजारीण गावाला गेली हे दर वेळी नव्याने ऐकणं. पण म्हातारपणी होतंच की, असं म्हणून त्याने त्या गोष्टी बाजूला सारल्या होत्या. ओले टॉवेल बाजूला सारता येईनात. त्याने मुलीला सांगितलं. मुलीने आईला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं.

‘‘न्या की,’’ आई म्हणाली. ‘‘माझं डोकं तुम्हा दोघांपेक्षा शाबूत आहे. तुझ्या बापाला कालचा सदरा सापडत नाही, आणि तपासणी माझी!’’

गुरुवारी तिघं इस्पितळात गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मेंदूचा स्कॅन करायला लावला, वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले आणि स्मरणशक्तीच्या चाचणीसाठी शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे एक तरुण मानसतज्ज्ञ बाई बसली होती. चष्मा, केस घाईने बांधलेले, टेबलावर कागदांचा ढीग, दाराबाहेर बाकावर पंधरा माणसं. त्याला बघून ती उठूनच उभी राहिली.

‘‘काका! तुम्ही? ओळखलंत का मला? सहाव्या आडोशातली. स्टॉपवॉच पाडलं होतं.’’

‘‘दोनदा,’’ तो म्हणाला.

ती हसली. बाप-लेकीला मागच्या खुर्च्यांवर बसायला सांगून तिने बायकोला समोर घेतलं. तारीख, वार, महिना विचारला. बायकोने टेबलावरच्या वर्तमानपत्राकडे हळूच बघितलं आणि सगळं बरोबर सांगितलं. मग बाईने एक छापील कागद पुढे ओढला. ‘‘काकू, मी दहा शब्द वाचते. नीट ऐका आणि मग आठवतील तेवढे सांगा. घाई नाही.’’

‘‘कुलूप,’’ ती म्हणाली. ‘‘पोपट.’’

शिडी येण्याआधीच त्याने यादी ओळखली.

बायकोचा चेहरा मात्र उजळला. गर्दीत ओळखीचं माणूस भेटावं तसा. बाईने दहावा शब्द उच्चारला आणि हिने दहाच्या दहा म्हणून दाखवले. पुढे वीस मिनिटं दुसऱ्या गोष्टी झाल्या, चित्रं ओळखणं, शंभरातून सात वजा करत जाणं, त्यात चुकाही झाल्या, पण हसतखेळत. मग बाईने पुन्हा विचारलं, ‘‘मघाचे शब्द आठवतात का काही?’’

बायकोने उजव्या हाताचं बोट टेबलावर टेकवलं आणि ठोका धरून सुरू केलं. कुलूप. पोपट. शिडी. मीठ. दर दोन सेकंदांनी एक. न चुकता, न थांबता, ओळीने.

आणि इथेच त्याची खात्री पटली. आत्ता ऐकलेले शब्द माणूस असे सांगत नाही. हजारो मुलांच्या उत्तरपत्रिका त्याने गठ्ठे बांधून ठेवल्या होत्या. सगळ्यांचं एकच: आधी शेवटचे दोन-तीन शब्द भराभर येतात, मग सुरुवातीचे, आणि मधले गळतात. ओळीने, ड्रमच्या ठोक्यावर, फक्त तोच सांगतो ज्याच्यात ती यादी मुरून गेली आहे. ती आज सकाळच्या डोक्याने बोलत नव्हती. एकतीस उन्हाळ्यांच्या डोक्याने बोलत होती.

‘‘दहापैकी दहा!’’ बाई म्हणाली. ‘‘काकू, इतके माझेसुद्धा आले नसते. काही काळजी करू नका. वयाचा थोडा विसर आहे, बाकी उत्तम.’’

मुलगी डोळे पुसत होती. बायको उठली, पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे ‘बघा’ अशा नजरेने बघितलं. ‘‘सोमवारी आठला आणून सोड गं ठकीला,’’ ती लेकीला म्हणाली. ‘‘पावणेआठलाच आण. उगाच धावतपळत जाऊ नकोस.’’

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर पंधरा माणसं ताटकळली होती, पोरीचा जीव भांड्यात पडला होता, आणि इतकी आनंदात बायको त्याने कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. बसमध्ये ती खिडकीशी बसून लेकीला बाळाच्या झोपेच्या वेळा समजावत होती. तो मागच्या बाकावर, हातात तपासण्यांची पिशवी. आपण यंत्र बिघडवतो ते दुरुस्त करता येतं, माणूस आपण केव्हा बिघडवून ठेवला हे कळलंच नाही, असं काहीतरी त्याच्या मनात येत होतं. ते धड वाक्यही होत नव्हतं. त्याला झोप आल्यासारखं वाटत होतं आणि झोप येत नव्हती.

शुक्रवारी तो कामावरून आला, चहा घेतला आणि जुन्या तक्त्याच्या पाठकोऱ्या कागदावर दहा नवे शब्द लिहिले. विचार करून लिहिले. एकमेकांशी नातं नसलेले, घरात समोर न दिसणारे. हे त्याने मोठ्या सरांना करताना बघितलं होतं.

‘‘अगं, जरा बस.’’

‘‘पुन्हा सुरू झालं का तुमचं? ड्रम कुठाय?’’

‘‘ड्रम नाही. मीच वाचतो.’’

त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत शब्द वाचले. तिने पाच सांगितले. शेवटचे तीन, पहिले दोन. अगदी पुस्तकातल्यासारखे. त्याने पाचचा आकडा मांडला आणि जरा धीर आला. मग ती घेवड्याच्या शेंगा मोडायला बसली, तो समोर बसला. ठकीला दात येताहेत का यावर बोलणं झालं. घड्याळात वीस मिनिटं झाली.

‘‘ते शब्द सांग बरं आता.’’

‘‘कुठले शब्द?’’

‘‘मघाचे. मी वाचले ते.’’

तिने हातातली शेंग खाली ठेवली. क्षणभर तिच्या तोंडावर काहीच नव्हतं, कोऱ्या फळ्यासारखं. मग ती हसली, बोट टेबलावर टेकवलं आणि ठोका धरला. ‘‘कुलूप. पोपट. शिडी. मीठ...’’

तिने दहाही म्हटले. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

‘‘बरोबर?’’

‘‘छान म्हटलेस,’’ तो म्हणाला. कागद घडी करून खिशात घातला. त्याच्यावर पाचच्या शेजारी शून्य मांडायचं होतं, ते त्याने जिन्यात जाऊन मांडलं.

शनिवारी सकाळी नऊला तो इस्पितळात त्या खोलीच्या दाराशी उभा होता. बाई नुकतीच येऊन पर्स टांगत होती.

‘‘काका? काय झालं?’’

‘‘गुरुवारचा तो आकडा धरू नका, बाई.’’

‘‘मला बाई काय म्हणता! बसा ना. कुठला आकडा?’’

‘‘दहापैकी दहा.’’ तो बसला नाही. ‘‘प्रयुक्त सरावलेला होता.’’

तिला कळायला दोन क्षण लागले. त्याने ड्रमचं सांगितलं, घरी नेण्याचं, चौथ्या यादीचं. सांगताना त्याला चोरी कबूल केल्यासारखं वाटत होतं. शेवटी त्याने खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. तिने तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘‘ही यादी मी कॉलेजातूनच आणली होती,’’ ती म्हणाली. ‘‘सरांची म्हणून. इतकी वर्षं सगळ्यांना हीच देतेय.’’

‘‘माहिती आहे. झेरॉक्स मीच काढून दिली होती.’’

ती हसली नाही. ‘‘काका, गुरुवारीच का नाही बोललात?’’

‘‘तिचा चेहरा बघितलात ना तुम्ही?’’

तिने तो कागद आपल्या फायलीत ठेवला. कपाटातून शब्दांचा दुसरा संच काढला. ‘‘एक वाजेपर्यंत आहे मी. आजच घेऊन या काकूंना. आणि मुलीलाही बोलवा. सोमवार परवावर आलाय.’’

घरी जाताना तो पायीच गेला. बस समोरून गेली तरी हात केला नाही. काय सांगायचं हे जुळवायला वेळ हवा होता, पण घर आलं तरी काही जुळलं नव्हतं, म्हणून जे होतं तेच सांगून टाकलं.

बायकोने सगळं ऐकलं. मग तिचा आवाज चढला. ‘‘मी पास झाले ते बघवलं नाही तुम्हाला. तेवढ्यासाठी सकाळी उठून चहाड्या सांगायला गेलात!’’

‘‘चहाडी नाही गं. ती यादी तुला पाठ आहे.’’

‘‘मग? पाठ आहे म्हणजे डोकं चालतंय ना? ज्याला काही पाठ होत नाही तो वेडा, का मी?’’

‘‘वेडा कुणी नाही.’’

‘‘एकतीस वर्षं मला उंदीर केलंत. हाक मारली की हातातलं टाकून येऊन बसले. आणि आता त्याच शब्दांवरून मला खोटी पाडताय.’’

 ती चप्पल घालून दारात जाऊन उभी राहिली. ‘‘चला. पुन्हा घ्या म्हणावं परीक्षा. शंभर शब्द द्या.’’

मुलगी बाळाला घेऊन परस्पर इस्पितळात आली. खोलीत सगळे तसेच बसले, या वेळी ठकी मुलीच्या मांडीवर झोपलेली. बाईने नवी यादी वाचली. एकदा नाही, पाचदा. बायको दर वेळी पुढे झुकून ऐकत होती, ओठ हलवत होती. पहिल्या खेपेला चार शब्द, पाचव्या खेपेला सहा. मग चित्रं, मग आकडे. मग वीस मिनिटं संपली.

‘‘काकू, मघाचे शब्द सांगता का?’’

बायकोचं बोट टेबलाकडे गेलं. कुलूप म्हणायला तिने तोंड उघडलं, पण ते शब्द आज चालायचे नाहीत एवढं तिच्या लक्षात होतं; भांडणातलं तेवढं राहिलं होतं. बोट हवेतच थांबलं. ती बाईकडे बघत राहिली.

‘‘तुम्ही शब्द दिले होते मला? आज?’’

‘‘हो काकू. पाचदा वाचले आपण.’’

तिने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. सकाळचा राग अजून तिच्या कपाळावर होता, पण विचारलं तिने त्यालाच. ‘‘दिले होते?’’

त्याने मान हलवली.

 बाहेरच्या बाकावर कुणीतरी खोकत होतं. मग तिने हात पुढे करून ठकीच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढला आणि लेकीला म्हणाली, ‘‘हिला दुसरीकडे ठेव.’’

‘‘आई, आपण बघू ना काहीतरी...’’

‘‘बघायचं काय त्यात. विसरले तर विसरले, चालतं. पण मी विसरले हे मलाच कळत नाही. मी आपली खुशाल असते. पोरीला दुधाशिवाय ठेवीन आणि वर सांगेन की पोटभर पाजलं.’’ तिने मोजा पुन्हा एकदा ओढला, ढिला नसताना. ‘‘माझ्या एकटीच्या हातात देऊ नकोस हिला.’’

मुलगी रडायला लागली. बाळ जागं झालं आणि तेही रडायला लागलं. त्या गडबडीत बाईने पुढच्या तपासण्यांची चिठ्ठी लिहिली. औषधाने उतार पडेल का, असं त्याने विचारलं, त्यावर ती म्हणाली, ‘‘विसरण्याचा वेग थोडा कमी होतो. कधी होतो, कधी नाही.’’ खोटं ती बोलली नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण घरातल्या गोष्टी अशा शहाण्यासारख्या संपत नाहीत.

सोमवारी मुलीने ठकीला कचेरीजवळच्या पाळणाघरात सोडलं. इकडे सकाळी साडेसातला बायको केस विंचरून, धुतलेलं पातळ नेसून खिडकीत उभी. ‘‘पावणेआठला आण म्हटलं होतं. आज पहिला दिवस, आणि उशीर!’’

तो बूट घालत होता. त्याने एक बूट घातलेल्या पायाने तिच्याजवळ जाऊन सगळं सांगितलं. शनिवार, यादी, तिचं स्वतःचं बोलणं. तिने ऐकलं. ‘‘मी असं म्हटलं?’’ ती म्हणाली. मग पलंगावर बसून भिंतीकडे तोंड केलं. तो कॉलेजला पोचला तेव्हा अर्धा तास उशीर झाला होता.

आठवड्यातून दोन-तीन दिवस तिला आठवायचं. त्या दिवशी ती खिडकीत जायची नाही. बाकीचे दिवस जायची, आणि त्याला पुन्हा सांगावं लागायचं. ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकायची आणि पहिल्यांदाच दुखावली जायची. तो मात्र दहाव्यांदा सांगत असायचा. शब्द झिजून गेले होते, तरी सांगणं सोपं होत नव्हतं. प्रयोगशाळेत मुलं हाक मारायची, ‘‘काका, माझा जोडीदार आला नाही, प्रयुक्त म्हणून बसता का?’’ पूर्वी तो बसायचा. आता म्हणायचा, ‘‘दुसरा बघ. मी फार वापरलेला आहे.’’ मुलं हसायची. तो खुर्च्या सरळ करत पुढे जायचा.

संध्याकाळी घरी आलं की आणखी एक कोडं. सकाळचं बोलणं बायको दुपारपर्यंत साफ विसरलेली असायची. ठकीचं नाव काढायची नाही, पाळणाघर माहीत नसायचं. पण तोंड मात्र चढलेलं. चहाचा कप आपटून ठेवायची.

‘‘काय झालं?’’

‘‘मला काय माहीत काय झालं. तुमच्यावर राग आलाय एवढं खरं. काहीतरी केलं असणार तुम्ही.’’

औषधं आणायला गेला तेव्हा त्याने हे बाईंच्या कानावर घातलं. मान खाली घालून, जणू बायकोची तक्रार करतोय अशा अपराधी आवाजात. ती म्हणाली, ‘‘असं होतं, काका. काय घडलं ते मेंदू एका ठिकाणी ठेवतो, आणि ते घडताना कसं वाटलं ते दुसरीकडे. काकूंचं पहिलं ठिकाण बिघडलंय. दुसरं अजून चांगलं आहे. बातमी पुसली जाते, दुखणं राहतं. ते दिवसभर राहतं, आणि कशाचं ते त्यांना कळत नाही.’’

‘‘म्हणजे मी रोज सकाळी...’’

‘‘हो,’’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘‘पण राग उरतो तसं चांगलंही उरतं. दोन्हीला जागा एकच.’’

तो औषधांची पिशवी घेऊन खाली बाकावर थोडा वेळ बसला. मग मुलीच्या कचेरीत फोन केला. तिलाही दिवसभराचं काम, पाळणाघर, घर. तिचा आवाजही दमलेला. पण ती हो म्हणाली.

तेव्हापासून मुलगी पाळणाघरातून परस्पर इकडे यायला लागली. सहा ते सात. आजी ठकीला मांडीवर घ्यायची, भरवायची, तिच्याशी भांडायची. ‘‘काय गं ठकूबाई, आज कुणाला चावलीस? दाखव दात. दोनच? दोन दातांवर एवढा माज?’’ तो त्याच खोलीत वर्तमानपत्र उघडून बसायचा, पाठ अर्धी वळवून. राखण करतोय असं दिसू नये म्हणून पानं उलटत राहायचा. एकाच पानावर तीनदा यायचा. आंघोळीची गोष्ट निघाली तर मुलगीच उठायची.

आणि सकाळी खिडकीतून प्रश्न आला की आता तो एवढंच म्हणायचा, ‘‘संध्याकाळी येणार आहे.’’

‘‘सकाळी का नाही?’’

‘‘संध्याकाळी येणार आहे ती. सहाला.’’

यात खोटं काही नव्हतं. ती कुरकुर करायची, केस सोडून पुन्हा बांधायची आणि कामाला लागायची. तो बूट घालून निघायचा. सगळं खरं आपण आता सांगत नाही, याचं त्याला वाईट वाटायचं. पण जिना उतरेपर्यंतच वाटायचं. पुढे बस पकडायची असायची.

एका बुधवारी मुलगी आणि ठकी गेल्यावर तासाभराने तो स्वयंपाकघरातून बाहेर आला. बायको दोरीवरच्या चादरी काढून पलंगावर टाकत होती. तोंडाने काहीतरी गुणगुणत होती, ज्याला ना सूर होता ना शब्द.

‘‘आज स्वारी खुशीत?’’

‘‘बरं वाटतंय.’’

‘‘कुणी आलं होतं का?’’ विचारलं आणि त्याला लगेच पस्तावा झाला. सवयीने परीक्षा घेतल्यासारखं झालं होतं.

तिने विचार केला. दाराकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं. ‘‘नाही बाई, कुणी नाही आलं,’’ ती म्हणाली. ‘‘पण बरं वाटतंय हे खरं. का ते विचारू नका. धरा इकडून.’’

दिवसभर उभं राहून त्याचे पाय भरून आले होते. त्याने चादरीची दोन टोकं धरली. तिने दोन धरली, झटकली आणि कपडेखान्यातल्या जुन्या सफाईने घडी घालत त्याच्याकडे चालत आली.